हिरव्या रंगातला अंगठा

सुतारानं पटाशी घालून फळी उचकटली आणि भिंतीतल्या कपाटामागून माझ्या सासूबाईंची एकदाणी खाली आली.

आली म्हणजे सांडली. दोरा कधीच कुजून गेला होता. सोन्याचे मणी वाळवीच्या मातीसकट फरशीवर घरंगळले, त्यातला एक गडगडत माझ्या चपलेला येऊन टेकला. "आजी, हे सोनं दिसून राह्यलं," सुतार म्हणाला. सून चाळणी आणायला धावली. मुलगा मोबाइलवर फोटो काढत सुटला. मी मात्र स्टुलावर बसले ती बसलेच.

कारण ही एकदाणी चोरीला गेली होती. पन्नास वर्षं होत आली. आणि चोर मी पकडला होता. स्वतः, पुराव्यानिशी, साऱ्या घरादेखत.

त्या वेळची मी काय चीज होते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं कोणाला खरं वाटायचं नाही.

अमरावतीची मुलगी, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकलेली, लग्न होऊन अकोल्याला जठारपेठेत आले. घरात माझ्याएवढं विज्ञान कोणालाच येत नाही हे मी पहिल्या आठवड्यातच ठरवून टाकलं. उशीखाली ग्रंथालयातून आणलेल्या रहस्यकथा. दूध नासलं तरी मला त्यात कट दिसायचा. नवरा डबा विसरून गेला तर मी मांजराच्या पायांचे ठसे पाहत फिरायची. शिवाय माझ्या बोटांचा मला भारी अभिमान. बोटांच्या टोकांवर चक्र आहे की शंख, हे आपल्याकडे पाहतात ना? रेषा गोल गोल फिरल्या तर चक्र, एका बाजूला वाहून गेल्या तर शंख. माझ्या दहातल्या नऊ बोटांवर चक्र. पाहुणे बघायला आले तेव्हा माझ्या आत्यानं पोह्यांच्या आधी माझे पंजेच त्यांच्यापुढे उघडून ठेवले होते. "पाहा, नऊ चक्रं! राणीचा हात आहे आमच्या पोरीचा." हे लक्षात असू द्या. माझ्याच लक्षात राहिलं नव्हतं.

मागच्या गल्लीत एक मुलगी राहायची, माझ्याच वयाची. बौद्ध कुटुंबातली, वडील रेल्वेत गँगमन. घरात मॅट्रिक झालेली ती पहिलीच. तिला मास्तरीण व्हायचं होतं. अमरावतीच्या अध्यापक विद्यालयात तिचा नंबर लागला होता, आणि सगळ्या कागदांत एकच कागद राहिला होता: चारित्र्याचा दाखला, कोणातरी प्रतिष्ठित माणसाच्या सहीचा. माझे सासरे शाळेत हेडमास्तर. ते देतो म्हणाले होते. दुपारी ती माझ्याकडे इंग्रजी वाचायला यायची. ती मला "वैनी, तुमी" म्हणायची, मी तिला "अगं, तू" म्हणायची. वयात दोन महिन्यांचाही फरक नसेल. मी सगळ्यांना सांगायची की ती माझी मैत्रीण आहे. तिचा चहाचा कप मात्र मागच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. तिचा तीच विसळायची. मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, आणि हे वाक्य आज लिहिताना माझा हात थांबून राहिला आहे.

नणंदेचं लग्न ठरलं. घर रंगवायला काढलं. बैठकीतल्या भिंतीत लाकडी कपाट होतं, त्याला हिरवा ऑइल पेंट द्यायचं काम मी अंगावर घेतलं आणि मागच्या गल्लीतल्या मैत्रिणीला मदतीला बोलावलं. दोघींनी मिळून सकाळभर दारं आणि चौकट रंगवली. आतल्या वरच्या फळीवर सासूबाईंनी मलमलच्या चिंधीत बांधून एकदाणी ठेवली होती. सोन्याच्या मण्यांची एकपदरी माळ, ती नणंदेला द्यायची होती. संध्याकाळी बघतात तर चिंधी नाही, एकदाणी नाही.

सासूबाई रडल्या नाहीत. त्या पदर खोचून म्हणाल्या, "बोलवा त्या जाणत्याले. तांदूळ मंतरून देईल. घरात जे जे होते ते सगळे चावतीन. मी बी चावीन, तू बी चाव. ज्याचे तांदूळ तोंडातून कोरडे निघतीन त्यानं नेली."

मी केवढी भडकले! विसाव्या शतकात तांदूळ? "आई, असल्या अंधश्रद्धेवर माणसाला चोर ठरवता का?" असं एक भाषणच दिलं. सासरे कौतुकानं बघत होते, त्यामुळे मी आणखी फुगले. आणि मी माझा पुरावा दाखवला. कपाटाच्या चौकटीला आतून, वरच्या फळीच्या उंचीवर, ओलसर हिरव्या रंगात एक अंगठा उमटला होता. स्वच्छ, एकेक रेषा मोजावी असा. आणि मधोमध चक्र.

पुढचे दोन दिवस मी जो तमाशा केला तो आठवला की मला माझ्या तेव्हाच्या वेणीला धरून गदागदा हलवावंसं वाटतं. सासऱ्यांच्या वहीची पानं फाडली. वाटीत काजळ खललं. एकेकाला बैठकीत बोलावून अंगठा बुडवायला लावला. सासरे, सासूबाई, दीर, नणंद, नवरा. नवरा म्हणाला, "मी तर दिवसभर हापिसात होतो," तर मी त्याला म्हणाले, "सगळे असंच म्हणतात." शेवटी तिला बोलावलं. घरातल्या पाचही जणांच्या अंगठ्यावर शंख निघाला. तिच्या अंगठ्यावर चक्र.

"सापडलं!" मी ओरडले. टाळ्यासुद्धा वाजवल्या असाव्यात.

सासरे चिडले नाहीत, आरडाओरडा नाही, काही नाही. चष्मा काढून पुसला आणि तिला म्हणाले, "दाखला मी देऊ शकणार नाही, बेटा." ती काही बोलल्याचं मला आठवत नव्हतं. इतकंच आठवत होतं की तिनं टेबलावरचं आपल्या अंगठ्याचं पान उचललं, घडी घातली आणि घेऊन गेली. संध्याकाळी तिचे वडील आले. पायरी न चढता खालूनच विचारलं, "पोलिसात देनार काय, गुरुजी?" सासरे म्हणाले, "नाही. मुलीच्या भविष्याचा प्रश्न आहे." आणि मी आतून ऐकत होते, आणि मला वाटलं, किती मोठ्या मनाची माणसं आहोत आम्ही.

तिचं ते वर्ष गेलं हे मला उडत उडत कळलं. पुढे ती मास्तरीण झाली, हेही कळलं. मी पुन्हा कधी विचारलं नाही. कपाट त्यानंतर दोनदा रंगवलं, पण बाहेरूनच. आतली चौकट तशीच हिरवी राहिली. यंदा मुलानं नवीन फर्निचर करायचं काढलं म्हणून सुतार आला.

माझी नात अमरावतीला न्यायसहायक विज्ञान शिकते. गुन्ह्याच्या जागी सापडलेल्या वस्तूंवरून काय घडलं ते शोधायचं शास्त्र. शनिवारी ती घरी आली, मणी पाहिले, सगळी हकिकत माझ्याकडून ऐकली, आणि पहिला प्रश्न काय विचारला?

"चौकट कुठे आहे?"

"अंगणात, लाकडात. कावून?"

"तिला कोणी हात लावू नका."

मी तोवर स्वतःची समजूत घालून घेतली होती. माणूस या वयात त्यात फार तरबेज होतो. मी म्हटलं, "हे बघ, एकदाणी चोरीला गेली नव्हती हे कबूल. ती फटीतून मागे पडली. पण अंगठा तर तिचाच होता ना? ओल्या रंगात, वरच्या फळीपाशी तिचं काय काम होतं? काहीतरी उचकपाचक केलीच असेल. माझा निकाल चुकला असेल, पुरावा चुकला नव्हता."

नातीनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिच्या परीक्षेचा पेपर कोरा देऊन उठले होते.

"आजी, तू फक्त चक्र पाहिलंस?"

"मग? अजून काय पाहायचं?"

"चक्र तर तुझ्या गल्लीत कितीतरी जणांना असेल. चक्र म्हणजे आडनाव समज. माणूस ओळखायचा तर रेषा कुठे फुटते, कुठे मधेच संपते, कुठे बेट करून पुन्हा मिळते, हे एकेक ताडून पाहावं लागतं."

मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्या रहस्यकथांमध्ये तर अंगठा दिसला की दुसऱ्या पानावर माणूस गजाआड.

मग ती चौकट मांडीवर घेऊन अंगणातल्या बाजेवर बसली, जुन्या धुळीवरून अगदी मऊ कुंचला फिरवत. आणि फिरवता फिरवता बोलत होती. या बोटांच्या ठशांचा जन्म म्हणे बऱ्याच अंशी आपल्याच देशातला. बंगालात हुगळीकडे एका इंग्रज अधिकाऱ्यानं ठेकेदाराकडून करारावर अख्खा पंजा उमटवून घेतला, तो ओळखीसाठी नव्हताच, नुसता धाक बसावा म्हणून. नंतर कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली, म्हणतात जगातली पहिली. लाखो ठशांतून एक कसा शोधायचा, ते गणित बसवलं दोन हिंदी फौजदारांनी, आणि पद्धतीला नाव लागलं साहेबाचं. त्याच्या आधी कैद्यांचे हात, पाय, डोकं फुटपट्टीनं मोजून ठेवायचे. एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला, तेव्हा पुरावा निघाला पंचांगावरचा रक्ताचा अंगठा.

"पंचांगावर?"

"पंचांगावर. पण सगळं असं छान छान नाही, आजी. त्याच काळात आपल्याकडच्या पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती कायद्यानं जन्मजात गुन्हेगार लिहिल्या. बायापोरांसकट ठसे घेतले. म्हणजे आधी ठरवायचं की हा चोर, आणि मग त्याचा अंगठा मागायचा. आमच्या मॅडम म्हणतात, शास्त्राला हे लक्षात ठेवावं लागतं."

"आणि तांदूळ?" मी विचारलं. "तांदूळ चावायला लावायचे ते?"

"ते तर जुनंच. जगात पुष्कळ ठिकाणी होतं. घाबरला की तोंड कोरडं पडतं, एवढंच त्यात तथ्य. निर्दोष माणूसही घाबरतोच की." तिनं कुंचला खाली ठेवला. "पण पणजीच्या तांदळात एक गोष्ट होती. ती तुझ्या शास्त्रात नव्हती."

"कोणती?"

तिनं मोबाइलची बत्ती चौकटीवर अगदी आडवी धरली. पन्नास वर्षांपूर्वीचा अंगठा उजळून वर आला, जणू कोणी आत्ताच उमटवून हात काढून घेतला. तिनं फोटो घेतले. मग बॅगेतून शाईची पट्टी काढली आणि म्हणाली, "दे अंगठा."

"कोणाचा?"

"तुझा."

"माझा कशाला? मी तर तपास करत होते!"

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि हवेतच राहिलं. नात हसली नाही. तेव्हा मला कळलं, पणजीच्या तांदळात काय होतं ते. 'मी बी चावीन, तू बी चाव.' त्या अडाणी म्हणवल्या जाणाऱ्या बाईनं स्वतःलासुद्धा रांगेत उभं केलं होतं. सहा पानं होती माझ्या तपासात. सातवं नव्हतं.

नऊ चक्रं, हो. त्यातलं एक अंगठ्यावर. साऱ्या अमरावतीला आत्यानं दाखवलेलं.

तासाभरानं नातीनं दोन फोटो शेजारी शेजारी ठेवून मला चष्मा लावायला सांगितला. इथे रेषा फुटते, बघ, इथेही फुटते. इथे बेट आहे, इथेही. इथे एक रेषा मधेच संपली. मी एकेका खुणेवर बोट ठेवत गेले. एकूण एक जुळत होतं. हिरव्या रंगातला अंगठा माझा होता.

"रंग झाल्यावर वरच्या फळीवरचं सामान कोणी परत लावलं?" तिनं विचारलं.

मी लावलं होतं. मला उंचीचाही अभिमान होता. माझी मैत्रीण बुटकी, तिचा हात वर पुरायचा नाही. एका हातानं डबे मागे सारले असतील, दुसऱ्या हाताचा आधार चौकटीला घेतला असेल. मागे बोटभर फट. चिंधी मागे सरकत सरकत गेली आणि पडली. मीच पाडली. मीच शोधली. मीच चोर पकडला. इतकं चोख काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

त्या दिवशी मी जेवले नाही. सून म्हणाली, "आई, झालं ते झालं, आता काय त्याचं." तिचं मन चांगलं आहे. पण झालं ते माझ्या दृष्टीनं झालं होतं. जिच्या नावावर ते पन्नास वर्षं राहिलं, तिच्या दृष्टीनं झालं की नाही हे मला कुठे माहीत होतं? तिला जाऊन सांगायचं, एवढं एकच काम मला दिसत होतं, आणि तेच करायची छाती होत नव्हती.

तिचा पुतण्या अजून मागच्या गल्लीत राहतो. त्यानं नंबर दिला. ती मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली, अमरावतीलाच घर आहे, म्हणाला. मी फोन लावला. आधी दोनदा कट केला. तिसऱ्यांदा तिकडून आवाज आला, "कोण बोलून राह्यलं?"

"मी... जठारपेठेतली..." आयुष्यात पहिल्यांदा मी तिला म्हणाले, "तुमी कशा आहात?"

मग, "वैनी?"

मी रडायच्या बेतात होते. तिनं ती वेळच येऊ दिली नाही. "उद्या दुपारी या. सकाळी माह्या गुडघ्याचा व्यायाम असते."

रविवारी नात आणि मी एस.टी.नं निघालो. मूर्तिजापूर गेलं, बडनेरा गेलं, मी मनातल्या मनात भाषण पाठ करत होते. क्षमा, पश्चात्ताप, असले सगळे चांगले चांगले शब्द. नात शेंगदाणे खात होती. "आजी, जितकं कमी बोलशील तितकं बरं," म्हणाली.

घर छोटंसं, स्वच्छ. भिंतीवर निरोपसमारंभाचा फोटो, पोरांच्या घोळक्यात ती मधोमध. दार तिनंच उघडलं. केस पांढरे, पाठ ताठ, नजर अशी की मी नकळत चपला सरळ रेषेत काढल्या आणि नात काय शिकते तेही दारातच सांगून टाकलं. तिनं चहा आणला. तीन कप, तिन्ही एकाच सेटचे. मी माझा कप हातात घेतला आणि माझं पाठ केलेलं भाषण तिथंच विरलं.

"एकदाणी सापडली," एवढंच मी म्हणाले. "कपाटामागं पडली होती."

तिनं चहाचा घोट घेतला. "आन अंगठा? तो कोनाचा निघाला?"

"माझा."

"हो," ती म्हणाली. जसं काही मी तिला आज वार कोणता ते सांगितलं.

"तुमाले माहीत होतं?"

"वैनी, मी विचारलं होतं तुमाले. भर बैठकीत. काजळाची वाटी माह्या हातात होती. म्हटलं, 'वैनी, तुमचा ठसा घेतला काय? चक्र तर तुमालेबी हाय.' तुमीच तर मले दाखोले होते नऊच्या नऊ."

मला हे आठवत नव्हतं. खरंच सांगते, कणभरही आठवत नव्हतं. "मग... मी काय म्हणाले?"

"हासल्या. म्हने, 'अगं, तपास करणाऱ्याचा ठसा कोणी घेते का?' आन समदे हासले. गुरुजीबी." तिनं कप खाली ठेवला. "तुमची सासू नाही हासली."

मी पन्नास वर्षं ही गोष्ट डोक्यात वागवली आणि तिच्यातलं हेच एक वाक्य माझ्या डोक्यानं पुसून टाकलं होतं. चौकटीवरचा रंग टिकला, माझी आठवण टिकली नाही. मी नातीकडे पाहिलं. ती कपाकडे पाहत होती.

"त्या वर्षी काय केलंत?" मी विचारलं. न विचारता कसं राहणार?

"जिनिंगात गेली. सरकी-कापूस. वर्षभर खोकला. दुसऱ्या वर्षी बाबाच्या स्टेशन मास्तरनं दाखला देला, मंग गेली अमरावतीले." तक्रार नव्हती आवाजात. हजेरी घ्यावी तसं सांगितलं. मग उठली, आतून एक फाइल आणली. तिच्या नोकरीचे, परीक्षांचे, निवृत्तीचे सगळे कागद एकेका प्लॅस्टिकमध्ये. सगळ्यांत मागे वहीचं एक पिवळं पडलेलं पान.

काजळाचा अंगठा. आणि वरती माझं अक्षर. माझं ते टपोरं, पहिल्या नंबरचं अक्षर: 'संशयित'.

"ठेवलं होय अजून?" मी कशीबशी म्हणाले.

"म्हटलं, कधी कोनी शहानं आलं तं दाखोता येईन." तिनं पान माझ्या हातात न देता नातीच्या हातात दिलं. "तू शिकते ना हे? पाय बरं, बेटा. मले पन्नास वर्षं एक शंका हाय. समद्याईच्या पानावर नावं होते, सासूबाई, भाऊजी, असे. माह्या पानावर हे. वैनीनं हे अंगठा जुळल्यावर लिवलं, का आधी?"

मी चटकन म्हणाले, "नंतर. अर्थातच नंतर. जुळल्याशिवाय कसं लिहिणार?" मला खात्री होती. शपथ घेऊन सांगितलं असतं.

नातीनं बॅगेतून भिंग काढलं, खिडकीशी गेली, पान तिरपं धरलं. काजळ अंगठ्याच्या वरच्या बाजूला थोडं फरफटलं होतं आणि माझ्या अक्षरांवरून गेलं होतं. ती खूप वेळ पाहत राहिली. माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. आजीवर माया आहे तिची.

"आजी, काजळ शाईच्या वर आहे. काजळावरून पेन गेलं असतं तर टोकानं काजळ खरवडून ओढलं असतं, शाईत काळे कण मिसळले असते. इथे अक्षरं खाली आहेत, सुकलेली, आणि काजळ त्यांच्यावर पसरलंय. भिंगानं दिसतं तेवढं सांगते, प्रयोगशाळेत आणखी नीट सांगता येईल. पण... शब्द आधी लिहिलाय."

अंगठा माझा निघाला तेव्हा मला धक्का बसला होता, पण त्यात एक पळवाट होती. मूर्ख होते, विसरले, अर्धवट शास्त्र. तेव्हाच्या त्या वेणीवालीला हसता येत होतं. या पानावर हसायला काही नव्हतं. तिनं अंगठा टेकवण्याआधी, चक्र दिसण्याआधी, कोरं पान समोर असतानाच मला ठाऊक होतं की चोर कोण. कोणत्या पुराव्यानं? खिडकीत वेगळा ठेवलेला कप, दुसरं काय.

"मी..." म्हणून मी थांबले. क्षमा वगैरे शब्द तोंडाशी आले आणि मला त्यांचीच लाज वाटली.

ती मात्र खुर्चीत मागे टेकून बसली होती. मोठा श्वास सोडला तिनं. "चला," म्हणाली, "माही शंका गेली." मग टेबलाच्या खणातून कोरा कागद आणि पेन काढून माझ्यापुढं ठेवलं. "लिवा."

"काय?"

"दाखला. गुरुजीनं द्याचा राह्यला तो. ते नाहीत, तुमी आहा. पदवी नसली तं काय झालं, प्रतिष्ठित तं हायच." डोळ्यांत बारीकशी चमक होती. ती थट्टेची होती की दुसऱ्या कशाची, ते मला अजून उलगडलेलं नाही.

मी लिहायला घेतलं. 'दाखला देण्यात येतो की, श्रीमती अमुक यांना मी ओळखते. माझ्या माहितीप्रमाणे त्यांचे चारित्र्य...' ती खांद्यावरून वाचत होती, मास्तरणीच्या सवयीनं. बोट टेकवलं.

"हे 'माझ्या माहितीप्रमाणे' काढा. काय माहिती होती तुमाले?"

मी ते शब्द खोडले. शेवटी लिहिलं की अमुक वस्तू यांनी घेतली नव्हती. ती माझ्या हातून पडली होती. ठसा माझा होता. यांनी त्याच दिवशी सर्वांसमोर माझा ठसा घ्यायला सांगितलं होतं, आणि मी घेतला नाही. आणि यांच्या पानावरचा शब्द मी आधी लिहिला होता. चारित्र्य चांगलं असल्याबद्दल एक ओळ लिहिली, ती तिनं वाचून राहू दिली. सही केली. नातीनं न सांगता शाईची पट्टी पुढं सरकवली. मी सहीशेजारी अंगठा उमटवला. चक्र स्वच्छ आलं.

"तारीख," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "तारीख तेव्हाची टाका वैनी. अॅडमिशनच्या आधीची."

मी टाकणारच होते. तिनं सांगितलं असतं तर मी त्या क्षणी काहीही टाकलं असतं.

"नाही चालणार," नात एकदम म्हणाली. "माफ करा, आजी. पण मागची तारीख टाकली तर कागद खोटा होतो. कोणी भिंग लावलं तर शाईच सांगेल."

दोघी म्हाताऱ्या तिच्याकडे पाहत राहिलो. मग मास्तरीण हसली, आम्ही आल्यापासून पहिल्यांदा, दात दिसतील अशी.

"बराबर हाय पोरीचं," ती मला म्हणाली. "आजचीच टाका. उशीर झाला, तेबी दिसू द्या कागदावर."

मी आजची तारीख टाकली. तिनं कागद फुंकून वाळवला, प्लॅस्टिकमध्ये घातला आणि फाइलमध्ये, त्या पिवळ्या पानाच्या अगदी पुढं, लावून टाकला.